एवढ्या समुद्रात देवमासा नेमका सापडतो कसा?

उन्हाळ्यात मुलांकडे बॉस्टनला गेलेल्या आई-बाबांच्या यादीत हार्वर्ड आणि एमआयटीच्या खालोखाल एक फेरी हमखास असते, ती म्हणजे बोटीतून देवमासे बघायला जाण्याची. बॉस्टन, ग्लॉस्टर, प्लिमथ किंवा प्रोव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरून बोट निघते आणि तीन-चार तासांत परत येते. त्यातला निम्मा वेळ जाण्यायेण्यातच संपतो. तरीही अनेक बोटवाले तिकीट देतानाच सांगून टाकतात की देवमासा दिसला नाही, तर पुढची फेरी फुकट.

धंद्याच्या हिशेबानं हे धाडसच म्हणायचं. अटलांटिक महासागर आठ कोटी चौरस किलोमीटरहून मोठा आहे. देवमासा काही पिंजऱ्यात ठेवलेला नाही, आणि त्याचा बहुतेक वेळ पाण्याखाली जातो. तो वर येतो ते काही क्षण, श्वास घेण्यापुरता. मग बोटवाल्यांना इतकी खात्री कुठून येते?

खरं तर कप्तान देवमासा शोधतच नाही. तो देवमाशाच्या जेवणाची जागा शोधतो. त्या जागेचा पत्ता समुद्राच्या तळावर कोरलेला असतो आणि पाण्यावर त्याच्या खुणा पहिल्यांदा दिसतात त्या पक्ष्यांच्या रूपानं.

पाण्याखालचं पठार

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उत्तरेला केप अ‍ॅन आणि दक्षिणेला केप कॉड अशी जमिनीची दोन टोकं समुद्रात शिरली आहेत. या दोघांच्या मधोमध, मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या तोंडाशी, पाण्याखाली सुमारे 30 किलोमीटर लांबीचं एक पठार आहे. त्याचं नाव स्टेलवॅगन बँक. अमेरिकी नौदलातल्या हेन्री स्टेलवॅगन या अधिकाऱ्यानं 1854-55 मध्ये त्याची मोजणी केली, म्हणून हे नाव पडलं. 1992 पासून हा भाग आणि भोवतालचा समुद्र राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे.

पठाराच्या माथ्यावर पाणी साधारण 30-35 मीटर खोल आहे, सर्वांत उथळ जागी तर जेमतेम 20 मीटर. कडा ओलांडली की तळ झपाट्यानं खाली जातो आणि काही ठिकाणी खोली 180 मीटरच्याही पलीकडे पोहोचते.

हे पठार बर्फानं घडवलं. हिमयुगात इथे हिमनद्यांचा जाड थर होता. हवा तापू लागली तसा बर्फ मागे हटला आणि सोबत आणलेली वाळू, गोटे, खडी तिथेच टाकून गेला. तेव्हा समुद्राची पातळी बरीच खाली असल्यामुळे काही काळ ही चक्क कोरडी जमीन होती. मासेमारीच्या जाळ्यांत इथून मॅमथसारख्या प्राण्यांचे दात वर आलेले आहेत. बर्फानं मागे टाकलेली ती वाळू पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हा ती लक्षात ठेवायला हवी.

उन्हाळा, भरती आणि रवी

समुद्रातलं जवळजवळ सगळं खाणं शेवटी सूक्ष्म वनस्पतींवर उभं असतं. पाण्यात तरंगणाऱ्या या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींना वनस्पती-प्लवक म्हणतात. शेतातल्या पिकाप्रमाणेच त्यांनाही ऊन लागतं आणि खत लागतं. ऊन वरून येतं. खत, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी पोषकद्रव्यं, मात्र मेलेल्या जीवांबरोबर सतत खाली जात राहतं.

उन्हाळ्यात अडचण आणखी वाढते. वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. थंड, जड पाणी खाली राहतं. दोन्ही थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. ताक बराच वेळ ठेवून दिलं की वर नुसती निवळी येते आणि दाट भाग तळाशी बसतो, तसाच हा प्रकार. वर भरपूर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही.

आता या ताकाला रवी हवी. स्टेलवॅगनच्या पठारावर ते काम भरती-ओहोटी करते. दिवसातून दोनदा पाण्याचा प्रचंड लोंढा उपसागरात शिरतो आणि दोनदा बाहेर पडतो. वाटेत पठाराची कडा आडवी येते. खोलातलं पाणी तिच्यावर आपटून वर चढतं आणि दोन थरांच्या सीमेवर मोठमोठ्या लाटा उठतात. या लाटा पाण्याच्या पोटातच राहतात, म्हणून त्यांना अंतर्गत लाटा म्हणतात. वर बोटीतल्या माणसाला त्या जाणवत नाहीत. फक्त पृष्ठभागावर कुठे खडबडीत, कुठे गुळगुळीत असे लांबच लांब पट्टे दिसतात. त्या घुसळणीतून खत उन्हात येतं, प्लवक फोफावतं, ते खाणारे झिंग्याच्या जातीचे बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यामागोमाग मासे येतात.

खुल्या समुद्रात खाणं विरळ विखुरलेलं असतं. पठाराच्या कडेला ते एका जागी जमतं. टनाच्या मापानं जेवणाऱ्या प्राण्याला अशीच जागा लागते.

वाळूत झोपणारा मासा

या जेवणातला मुख्य पदार्थ म्हणजे सँड लान्स नावाचा मासा. हा बोटभर ते वीतभर लांबीचा, पेन्सिलीएवढा बारीक, चंदेरी मासा थव्यानं फिरतो आणि प्लवक खातो. त्याची खासियत अशी की धोका वाटला किंवा विश्रांती हवी असली की तो सरळ तळाच्या वाळूत घुसून बसतो. त्यासाठी वाळू नेमकी लागते. चिखलात त्याला श्वास घेता येत नाही आणि दगडात शिरता येत नाही. दाण्यांच्या फटींतून पाणी खेळत राहील अशी भरड वाळू त्याला हवी असते.

हिमनदीनं मागे टाकली होती ती हीच वाळू. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी वितळलेल्या बर्फानं आजच्या माशाचं घर बांधलं आणि त्या घरानं देवमाशाचं ताट कुठे मांडायचं ते ठरवलं. कप्तानाच्या खात्रीचं मूळ इथे आहे. मासे हलतात, पण वाळूचा पट्टा हलत नाही.

वर्षभराचं जेवण एका मोसमात

या फेरीत सर्वांत जास्त लोकांना भावतो तो हंपबॅक जातीचा देवमासा. पूर्ण वाढलेला हंपबॅक 14-15 मीटर लांब आणि 30 टनांच्या आसपास वजनाचा असतो. त्याचे पुढचे वल्ह्यासारखे पर शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असतात. हिवाळ्यात हे हंपबॅक सुमारे अडीच हजार किलोमीटर दक्षिणेला, डोमिनिकन रिपब्लिकच्या आसपास, कॅरिबियन परिसरातल्या समुद्रात जातात. तिथलं ऊबदार पाणी वीण आणि बाळंतपणासाठी चांगलं, पण तिथे खायला जवळजवळ काही नसतं. त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत या उत्तरेकडच्या थंड पाण्यात चरबी साठवायची आणि उरलेलं वर्ष तिच्यावर काढायचं, असा त्यांचा जीवनक्रम आहे. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळातच बोटी का निघतात, हे यावरून कळतं.

एवढ्या मोठ्या प्राण्यानं वीतभर मासे पकडायचे कसे? हंपबॅकला दात नसतात. वरच्या जबड्यातून बालीनच्या शेकडो पट्ट्या खाली लोंबतात. आपली नखं ज्या केराटिनची असतात, त्याचंच हे बालीन. गळ्यापासून बेंबीपर्यंत कातडीला लांब चुण्या असतात. तोंड उघडलं की त्या चुण्या पसरतात आणि घसा फुगून हजारो लिटर पाणी माशांसकट आत येतं. मग जीभ पाणी बाहेर ढकलते, बालीन मासे अडवतं.

मात्र त्याआधी मासे एकत्र दाटलेले हवेत. त्यासाठी हंपबॅक खालून गोल फिरत हवेचे बुडबुडे सोडतो. वर येणाऱ्या बुडबुड्यांची गोल भिंत तयार होते, घाबरलेले मासे मध्ये गोळा होतात आणि देवमासा तोंड उघडून मधोमध वर येतो. बोटीवरून आधी हिरवट-पांढऱ्या बुडबुड्यांचं वर्तुळ दिसतं. काही सेकंदांनी त्याच वर्तुळातून एक भलामोठा जबडा वर येतो.

याच समुद्रात 1980 साली अभ्यासकांना एक नवी तऱ्हा दिसली. एका हंपबॅकनं आधी पाण्यावर जोरात शेपूट आपटलं आणि मग बुडबुडे सोडले. त्याच सुमारास इथले हेरिंग मासे घटले होते आणि सँड लान्स वाढले होते. पुढच्या वर्षांत ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरली. 27 वर्षांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती मुख्यतः सोबतीतून शिकली गेली. ज्यांचा वावर युक्ती जाणणाऱ्यांबरोबर जास्त, त्यांनी ती लवकर उचलली. तोवर इथल्या तिघांपैकी एकाहून अधिक हंपबॅक ती वापरू लागले होते.

पक्षी आधी का दिसतात?

आता पाण्यावर येऊ. देवमासा खाली गेला की दहा मिनिटं दिसत नाही, पण पक्षी वरच असतात. दूरवर पक्ष्यांचा थवा एकाच जागी घिरट्या घालतोय, पाण्यावर झेपा टाकतोय असं दिसलं की खाली मासे वर ढकलले जात आहेत असं समजावं. बुडबुड्यांचं जाळं वर येतं तेव्हा कुरव पक्षी तर देवमाशाच्या उघड्या तोंडाच्या कडेचे मासेही उचलतात.

यातले बरेच पक्षी इथले नाहीत. तपकिरी पाठीचा, काळ्या टोपीचा ग्रेट शिअरवॉटर दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा आणि गॉफ या बेटांच्या परिसरात घरटी करतो. तिथे हिवाळा लागला की तो दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून उत्तरेच्या उन्हाळ्यात येतो. एवढा प्रवास पंख मारून परवडणार नाही. लाटेच्या अगदी जवळ वारा मंद असतो आणि थोडं वर तो जोराचा असतो. पक्षी पंख ताठ ठेवून वाऱ्याच्या तोंडावर वर चढतो, वळतो आणि वाऱ्याबरोबर खाली घसरतो. दोन थरांतल्या वेगाच्या फरकातून त्याला पुढे जायची शक्ती मिळते. शिअरवॉटर एकदा डावा, एकदा उजवा पंख पाण्याकडे झुकवत जातो तो याचसाठी.

त्याहून नवलाचा आहे विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम 35-40 ग्रॅम, रंग काळपट, कमरेवर पांढरा पट्टा. पाय खाली सोडून तो पाण्यावर नाचत नाचत बारीक खाणं टिपतो. त्याचं घर अंटार्क्टिका आणि तिथली बेटं.

या पक्ष्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. ते समुद्राचं खारं पाणी पितात. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळतात आणि ते दाट थेंबांच्या रूपात नाकावाटे बाहेर पडतं. हेच नाक अन्नही शोधतं. प्लवक खाल्लं जाऊ लागलं की पाण्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्रकिनाऱ्याचा जो ओळखीचा वास येतो, त्यात त्याचा वाटा असतो. गॅब्रिएल नेविट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अंटार्क्टिकच्या समुद्रात दाखवून दिलं की काही पेट्रेल या वासाकडे ओढले जातात. आपल्याला सपाट, सारखं दिसणारं पाणी त्यांच्या नाकाला कुठे भरलेलं तर कुठे रिकामं जाणवतं.

कधी गॅनेटही दिसतो. हा पांढराशुभ्र, काळ्या पंखटोकांचा मोठा पक्षी उंचावरून पंख मागे ओढून सूर मारतो. पाण्यावर आदळताना इजा होऊ नये म्हणून त्याच्या चेहऱ्यात आणि छातीत कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, आणि नाकपुड्या बाहेर उघडतच नाहीत.

फवारा, पाठ, शेपूट

देवमासा जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे फवारा. हे समुद्राचं पाणी नसतं. फुप्फुसातली उबदार, दमट हवा वेगानं बाहेर पडते आणि थंड हवेत तिचे तुषार होतात. एका श्वासात देवमासा फुप्फुसातली 80-90 टक्के हवा बदलतो. आपण साधा श्वास घेताना जेमतेम 10-15 टक्के बदलतो.

हंपबॅकचा फवारा बुटका आणि पसरट असतो. फिन व्हेल हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा प्राणी. त्याचा फवारा उंच, सरळ खांबासारखा उठतो. त्याचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे काळा असतो, आणि तो शेपूट सहसा वर काढत नाही. मिंकी हा आठ-नऊ मीटरचा, चपळ. त्याचा फवारा दिसला तर दिसला, आणि तो बघता बघता गायब होतो.

हंपबॅक मात्र खोल बुडी मारताना शेपूट उंच उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे छायाचित्रावरून नेमका कोण ते कळतं. इथल्या हंपबॅकना नावंही आहेत. 'सॉल्ट' ही मादी 1970च्या दशकाच्या मध्यापासून ओळखीची आहे. तिचं कॅरिबियनमध्ये टिपलेलं छायाचित्र जुळलं तेव्हा इथले देवमासे हिवाळ्यात कुठे जातात याचा पुरावा हाती आला. ती आता आजी आहे. बोटीवर आपण काढलेला शेपटीचा स्पष्ट फोटोही अशा नोंदींच्या कामी येऊ शकतो.

बोटीवरचे अभ्यासक घड्याळाच्या भाषेत ओरडतात. बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. 'दोन वाजता!' असं ऐकू आलं की हातातल्या घड्याळात बघू नका, उजवीकडे पुढे बघा.

देवमासा समुद्राला काय देतो?

देवमासे फार मासे खातात, ते कमी झाले तर आपल्याला मासे जास्त मिळतील, असा एक समज आहे. 2010 मध्ये जो रोमन आणि जेम्स मॅकार्थी यांनी स्टेलवॅगन बँक ज्यात येते त्या मेनच्या आखाताचा हिशेब मांडला. देवमासे खोलात खातात, पण विष्ठा बहुधा पृष्ठभागाजवळ टाकतात. ती पातळ असते, वर तरंगते आणि नायट्रोजननं भरलेली असते. या आखातातले देवमासे आणि सील मिळून वर्षाला सुमारे 23 हजार टन नायट्रोजन उन्हाच्या थरात आणतात. आखाताला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या नायट्रोजनपेक्षा हा आकडा मोठा आहे. भरती ही पहिली रवी असेल, तर देवमासा ही दुसरी.

अरबी समुद्राचं काय?

हीच यंत्रणा आपल्याकडेही आहे, फक्त इथे घुसळण करतो तो मोसमी वारा. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात ओमान, सोमालिया आणि केरळच्या किनाऱ्यांवर वाऱ्यामुळे खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. अरबी समुद्रातले हंपबॅक म्हणूनच दूर स्थलांतर करत नाहीत. अन्नही इथे आणि वीणही इथे, असे जगात एवढेच हंपबॅक आहेत. सुमारे 70 हजार वर्षं ते इतरांपासून वेगळे राहिले असावेत असं त्यांचे जनुक सांगतात. ओमानजवळच्या गणनेत त्यांची संख्या शंभराच्या आत निघाली. 2017 मध्ये तिथे उपग्रह-टॅग लावलेली 'लुबान' ही मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हे आपलं पाण्याखालचं पठार आहे. त्याच्या माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटर आणि तळाशी प्रवाळ. सिंधुदुर्गासमोर ब्रायडीज जातीच्या देवमाशांच्या नोंदी आहेत. बॉस्टनसमोर नाचणारा अंटार्क्टिकाचा तो चिमुकला स्टॉर्म पेट्रेल पावसाळ्याच्या सुमारास आपल्या समुद्रावरही येतो.

थोडक्यात

- पाण्याखालच्या पठाराला आपटून भरतीचं पाणी खोलातलं खत वर आणतं.
- उन्हात आलेल्या खतावर प्लवक वाढतं, प्लवकावर मासे पोसतात.
- हिमनदीची भरड वाळू सँड लान्सला लपायला जागा देते.
- देवमासे आणि पक्षी याच माशांसाठी एका जागी जमतात.
- पक्ष्यांचा घोळका, फवारा आणि पाण्यावरचा गुळगुळीत गोल चट्टा (शेपटीच्या फटकाऱ्यानं उठलेला) या शोधायच्या तीन खुणा.

जाताना

जुलैतही समुद्रावर गारठा असतो, म्हणून जाड जॅकेट घ्या. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. दुर्बीण असेल तर उत्तम. पहिला अर्धा तास पाण्याकडे नव्हे, पाण्यावरच्या पाखरांकडे बघा.

आणि बोट निवडताना ती किती जवळ नेते हे विचारू नका, किती अंतर राखते ते विचारा. या किनाऱ्यावरच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे देवमासा जवळ येईल तसा बोटीचा वेग टप्प्याटप्प्यानं कमी करायचा असतो, समोरून त्याच्या वाटेत जायचं नसतं आणि 100 फुटांच्या आत मुद्दाम शिरायचं नसतं. जगात चारशेहूनही कमी उरलेल्या उत्तर अटलांटिक राइट व्हेलपासून तर 500 यार्ड, म्हणजे सुमारे 460 मीटर, दूर राहणं कायद्यानंच बंधनकारक आहे. जहाजांच्या धडका आणि मासेमारीचे दोर ही आज या प्राण्यांच्या मृत्यूची मोठी कारणं आहेत. आपल्याकडे देवमाशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, पण मालवण किंवा दापोलीच्या समुद्रात डॉल्फिनमागे बोट पळवणाऱ्या नावाड्याला थांबवण्याचं काम शेवटी बोटीत बसलेल्या प्रवाशालाच करावं लागतं. तेवढं आपण नक्की करू शकतो.